पब क्विझ आणि निगेटिव्ह मार्किंग

मँचेस्टरला येऊन तीन महिने झाले होते. ऑफिसातल्या चौघांनी मंगळवारी मला पब क्विझला ओढून नेलं. माणशी २ पाउंड, टीमला एक उत्तरपत्रिका, फोन पर्समध्ये. मी लाइम-सोडा मागवला, कोणी चकार शब्द काढला नाही. (न पिण्याच्या सबबी मी आठवडाभर उगाच शोधत होते.) टीमचं नाव मला ठेवायला सांगितलं. 'झणझणीत' म्हटलं, आणि पुढचे दोन तास क्विझमास्तर आमचा पुकारा 'जॅन-जॅनिट' असा करत होता.

पहिली फेरी चित्रांची. कागदावर वीस चेहरे, बहुतेक इथल्या टीव्हीवरचे. मी नुसतीच मान हलवत बसले.

मग सामान्यज्ञान. वागाडुगु ही कुठल्या देशाची राजधानी? मनात बुर्किना फासो आलं, पण खात्री साठ टक्के. आम्ही निगेटिव्ह मार्किंगवर वाढलेली माणसं; साठ टक्क्यांवर गोल काळा करत नाही. गप्प बसले. टीमने 'माली' लिहिलं. फेरीनंतर उत्तर कळल्यावर मी "मला वाटलंच होतं" पुटपुटले, तर चौघं माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, मग बोलली का नाहीस? इथे चुकलं तर गुण कापत नाहीत!"

शेवटच्या फेरीत क्रिकेट निघालं. कसोटीच्या एका डावात दहाही बळी घेणारे तिघे कोण? जिम लेकर, १९५६, याच शहरातलं ओल्ड ट्रॅफर्ड. ते टेबलावरचे सगळे एका सुरात म्हणाले. अनिल कुंबळे, १९९९, कोटला, तो माझा. तिसरा? सगळे गप्प. आणि मी जवळजवळ ओरडलेच, "एजाझ पटेल! २०२१, वानखेडे!" न्यूझीलंडकडून खेळणारा, पण जन्म मुंबईचा. त्याला कशी विसरेन?

शेजारच्या टेबलावरही पेन चाललं.

उत्तरपत्रिका तपासायला शेजाऱ्यांशी अदलाबदल करायची असते. त्यांची माझ्या हातात आली. तिसऱ्या नावाची शाई अजून ओली होती. मुकाट्याने बरोबरची खूण केली. बेरीज झाली, तर दुसऱ्या क्रमांकासाठी ते आणि आम्ही बरोबरीत! मग टायब्रेकर: ब्लॅकपूल टॉवर किती फूट उंच? ज्याचा आकडा जवळचा, तो जिंकला. आम्ही ४५० लिहिलं, त्यांनी ५२५. खरी उंची ५१८.

निघताना त्या टेबलावरच्या आजोबांनी बक्षिसाचा चॉकलेटचा डबा माझ्यापुढे धरला. "घे. एक तुला, एक त्या पटेलला."

मी तीन घेतली.