खेप आणि हेलपाटा

मी १९८६ च्या दहावीच्या बॅचचा. एसटीत वाहक आहे, म्हणजे आपल्या भाषेत कंडक्टर. स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असा निरोप आला तेव्हा आधी नाहीच म्हणालो. आजवर लिहिलं काय, तर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद. पण आठवीतला मराठीचा एक तास काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून बसलो.

सरांनी निबंध दिला होता, 'माझा प्रवास'. आता प्रवास आणायचा कुठून? मुंबई सोडा, आमच्या घरात औरंगाबादही कुणी पाहिलं नव्हतं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी गाईडातली माथेरानची सहल उतरवली, सगळे एकाच घोड्यावर बसून आले. मी आपलं गावापासून शाळेपर्यंतचं दीड कोस लिहिलं.

त्या दीड कोसातली अर्धी वाट पांदणीची. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा. शंभर पावलं गेलं की चपला हातात यायच्या. चिखल तळव्याला थरावर थर धरायचा, बोटं दिसेनाशी व्हायची, पाय मणामणाचे. मग बांधावर टेकून तुराटीनं खरवडायचं. निघायचा तो लगदा अख्ख्या टाचेच्या आकाराचा, आत एखादं कुसळ किंवा बाभळीचा काटा. चार पावलांवर पुन्हा तेच. शाळेच्या हौदावर पाय धुतल्याशिवाय वर्गात घेत नसत, आणि पहिली घंटा नेमकी आम्ही हौदावर असतानाच व्हायची.

वही परत मिळाली तेव्हा 'प्रवास'वर लाल रेघ आणि शेजारी सरांच्या अक्षरात 'पायपीट'. मला वाटलं चुकलं. सर म्हणाले, "चुकलं नाही रे. प्रवास हा तिकीट काढणाऱ्याचा शब्द. तू तर चाललास. घरी विचार, तुझी आई चालण्याला काय काय म्हणते." मग सगळ्या वर्गालाच तो अभ्यास लागला.

दुसऱ्या दिवशी फळा भरला. हिंडणं, वणवण, येरझारा, खेटे, तंगडतोड, रानोमाळ. 'फेरफटका' एका नोकरदाराच्या पोरानं आणला. आमच्या घरी हा शब्द नव्हता. काम नसताना चालणाऱ्याला आमच्याकडं उंडगा म्हणत. कुणीतरी 'बोंबलत फिरणं' सांगितलं, पोरी तोंड दाबून हसल्या, सरांनी तेही लिहिलं.

माझ्या आईनं दोन शब्द दिले होते. आमच्या आडाचं पाणी फेब्रुवारीतच आटायचं. मग ती मळ्यातल्या विहिरीवर जायची. भरली घागर डोक्यावर आली की ती 'खेप'. आणि विहिरीवर मोटार बंद, किंवा मालकानं हटकलं, म्हणून रिकामी घागर परत आली की तो 'हेलपाटा'. चालणं तेवढंच, ऊन तेवढंच. सांजच्याला ती हिशोब सांगायची, "दोन खेपा झाल्या, तिसरा हेलपाटा." सरांनी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि जरा वेळ खडू हातातच धरून उभे राहिले.

आजीचा शब्द होता 'मुराळी'. पंचमीला लेकीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. आधी मूळ, म्हणजे बोलावणं, पाठवायचं, मग मुराळी यायचा. आजीचा भाऊ रात्रीच निघून चांदण्यात चालत यायचा म्हणे, आणि ती पहाटेपासून दारात. पायी येण्याजाण्याच्या साऱ्या शब्दांत मला एवढाच गोड वाटतो. बाकीच्यांत नड नाहीतर राबणं.

तांड्यावरचा एक मुलगा मागच्या बाकावर बसायचा, सहसा बोलायचा नाही. तो उठला आणि म्हणाला, "सर, तांडा." वर्ग हसला, हे गावाचं नाव झालं म्हणून. तो म्हणाला, "आमचा आजा सांगतो, तांडा म्हणजे चालणं. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून देशोदेश हिंडायचे ते." मग सरांनी समजावलं की सडका आणि रेल्वे आल्यावर लमाणांचा तो व्यापार बसला, बैल थांबले आणि नाव तेवढं वस्तीला चिकटलं. त्या मुलाचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, परत यायचे. तोही मधेच शाळेतून गायब व्हायचा. दहावीला तो आमच्यात नव्हता.

सरांना मग चेवच आला. म्हणाले, आपल्या मराठवाड्याचे संतही पायानंच मोठे झाले. हिंगोलीकडच्या नरसीचे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत पोचले. जालन्याकडच्या जांबेचे रामदास वर्षानुवर्षं देश हिंडले. महानुभाव पंथात तर चालणं हाच आचार, त्याला 'अटन' म्हणायचं. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी जिथं काही काळ राहिले ते अवस्थान, रात्र काढली ती वसती, नुसते बसले ते आसन. स्थानपोथी या त्यांच्या जुन्या ग्रंथात अशी ठिकाणं नोंदवून ठेवली आहेत. आम्हाला तेव्हा त्यातलं 'आसन' तेवढं कळलं, कारण तास लांबला होता आणि बाकडं टोचत होतं.

पण एसटीत लागल्यावर हेच डोक्यात घोळायला लागलं. आमच्याकडं सहा किलोमीटरचा एक टप्पा, त्यावर भाडं. डेपोतून निघून परत आलं की फेरी. आणि रात्री खेड्यात थांबून पहाटे निघणारी ती मुक्कामी गाडी. मुक्काम हा शब्द अरबीतून आला. फौजांचा झाला, पालख्यांचा झाला, आता आमचाही. शेगावची पालखी परळी, अंबाजोगाईवरून पंढरपूरला जाते तेव्हा आमची गाडी तासतास मागं रांगते. वारकऱ्यांना विचारलं की ते चोख सांगतात, पुढच्या गावी विसावा आहे की मुक्काम. विसाव्याला घोटभर चहा, मुक्कामाला पाठ टेकायची. प्रवासी मात्र खिडकीतून ओरडतात, "ओ कंडक्टर, किती टाईम?"

सर निवृत्त झाल्यावर एकदा माझ्या गाडीत चढले. मी जागा करून दिली, पाया पडलो, गर्दीत जमलं तेवढं. पेन्शनचा कागद अडला होता, जिल्ह्याला निघाले होते. संध्याकाळी परतीलाही माझीच गाडी. तिकीट देताना विचारलं, "झालं का सर?" खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हेलपाटा."

महिन्याभरानं पुन्हा भेटले. मी काही विचारायच्या आत त्यांनी दोन बोटं दाखवली.

त्यानंतर दोन-तीन महिने दिसले नाहीत. माझी ड्युटीही बदलली होती. मग एका संध्याकाळी स्टँडवर गाडी लागली, दारात उतारूंची रेटारेटी. सर धोतराचा सोगा सावरत सगळ्यात शेवटी चढले. हातातली पिशवी वर उचलून मला दाखवली आणि भरल्या गाडीत मोठ्यानं म्हणाले, "खेप!"

लोक बघायला लागले, म्हाताऱ्याच्या पिशवीत एवढं काय आहे म्हणून. मी तिकीट फाडलं.