तुम्ही विचारलंत म्हणून: रुरल डीन म्हणजे नक्की कोण

इंग्लंडहून सुट्टीला नगरला आलो की चर्चमधली भक्ती सुटल्यावर कुणीतरी गाठतंच. "डीन झालास म्हणे, आता बिशप व्हायचंच राहिलं!" दुसरा विचारतो, कुठल्या कॉलेजचा? आणि या खेपेला मावशीने सगळ्यांदेखत विचारलं, "म्हणजे बिशपचा खबऱ्या का रे तू?" तेव्हा हसलो. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

कॉलेजचा नाही. कॅथिड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, डीन असतो तो वेगळा, मोठा माणूस, तोही मी नाही. रुरल डीन म्हणजे आसपासच्या गावांतल्या चर्चेसचा केंद्रप्रमुख. आपल्या झेडपीतला डोळ्यापुढे आणा, दहा-बारा शाळांचा, वरचे कागद खाली न्यायचे आणि खालची रडगाणी वर. फरक एवढाच की मला स्वतःची शाळाही चालवायची असते, म्हणजे सहा गावांचा पाळक मी आहेच आणि त्यावर हे, पगार तोच. नेमतो बिशप. मला मात्र कुणाला नेमता येत नाही की काढता येत नाही, इमारती आणि शिस्त बघायला वर आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा अधिकारी, बसलेला आहे. एखाद्या गावचा पाळक गेला की नवा येईपर्यंत तिथले चर्चवॉर्डन, म्हणजे मंडळीतलेच कारभारी, आणि मी मिळून गाडा ओढायचा, रविवारी कोण उभं राहणार, लग्न कोण लावणार, मयत झाली तर कोण जाणार, सगळं. चर्च ऑफ इंग्लंडची चर्चेस 16,000च्या आसपास, त्यातली निम्म्याहून जास्त खेड्यात. आमच्याकडे, वेल्सच्या हद्दीजवळ, चर्च 800 वर्षांचं आणि माणसं 8 अशी गत आहे. नळ नाही, संडास नाही, वटवाघळं मात्र भरपूर आणि कायद्याने त्यांना हात लावता येत नाही, त्यामुळे प्रभुभोजनाआधी वेदीवरच्या लेंड्या झटकणारा कोण, तर तुमचा डीन.

आता खबऱ्याचं. चर्चच्या कायद्यात कॅनन सी 23 म्हणून कलम आहे, त्यात चक्क लिहिलंय की आपल्या भागातलं जे बिशपला कळायला हवं ते रुरल डीनने कळवावं, आणि पाळकांपैकी कुणी फार आजारी किंवा कसल्या त्रासात असेल तर मुद्दाम. तर मावशी अगदीच चुकली नाही.

शेजारच्या आठ गावांना एक पाळक होता. माझा मित्र, इथे आल्यावर मला कडाक्याच्या थंडीत गाडी चालवायला शिकवणारा. एका गुरुवारी फ्युनरलवाल्यांचा फोन, पेटी गेटवर आलीय, माणसं जमलीत, व्हिकरचा, म्हणजे त्या पाळकाचा, पत्ता नाही, फोन उचलत नाही. 14 मैल कसा गेलो माहीत नाही. मयताचं नाव विचारायलाही लाज वाटली, पेटीवरच्या पितळी पट्टीवरून वाचून घेतलं आणि तो दफनविधी मी केला, त्यांच्या मुलीने नंतर माझे आभार मानले ते अजून टोचतात. तिथून त्याच्या घरी गेलो. तो अंगणातच, गाडीत बसलेला, झगा घालून, चावी लावलेली. म्हणाला, "सकाळी नऊपासून बसलोय. चावी फिरवता येत नाहीये." स्वयंपाकघरात नेऊन चहा केला. टेबलाखाली सुपरमार्केटच्या पिशव्या होत्या, टपालाच्या न फोडलेल्या पाकिटांनी भरलेल्या. म्हणाला, बिशपला सांगू नकोस. मी म्हटलं, बघू.

त्याच रात्री कळवलं.

त्याला सहा महिने रजा मिळाली, डॉक्टर मिळाला, आणि मग त्याने झगा कायमचा उतरवला. माझ्याशी बोलत नाही. लोक म्हणतात योग्य केलंस, आणि मीही तेच म्हणतो, मोठ्याने म्हणतो, पण खरं सांगायचं तर त्या पिशव्या मी आधीही पाहिल्या होत्या. तीन महिने आधी. त्या दिवशी मी गेलो होतो डायोसीजला, म्हणजे बिशपच्या प्रांताला, त्याच्या चर्चेसनी द्यायचा पैशांचा वाटा थकलाय ते सांगायला, पिशव्या बघितल्या आणि मनात म्हटलं, गबाळा आहे लेकाचा. तेव्हाचा मी म्हणतो, अरे मी काय डॉक्टर आहे का, माझी स्वतःची सहा गावं होती, नाताळ तोंडावर होता. बरोबर आहे त्याचं. पण वाट्याचे थकलेले पाउंड मला तोंडपाठ होते आणि हा माणूस रात्री झोपतो का हे विचारायला सुचलं नाही, त्याचं काय? तर मग खबऱ्या म्हणायचं असेल तर म्हणा, फक्त उशिरा पोचलेला म्हणा. नाहीतर नकाच म्हणू, मलाही कळत नाही. त्याने "सांगू नकोस" म्हटल्यावर सरळ "सांगणार" म्हणायला हवं होतं एवढं मात्र वाटतं, "बघू" ही आपली नगरची सवय.

मावशीला अजून उत्तर दिलेलं नाही. त्याच्या आठातली पाच चर्चेस सध्या माझ्या वहीत आहेत. या रविवारी साडेनऊला एक, अकराला दुसरं, मधे 11 मैल, आणि मेंढ्या रस्त्यात आल्या तर उशीर होईल, स्तोत्रं सुरू करून ठेवा, असं वॉर्डनबाईंना सांगून ठेवलंय.