वंशावळीतली तुटक रेघ

हाँगकाँगमध्ये राहून मी कुंग फूच्या वंशावळी तपासते आणि त्याचे मला पैसे मिळतात, हे सांगलीच्या आमच्या मामांना अजूनही पटत नाही. काम तसं फार थरारक नसतं. कुणी प्रदर्शन भरवतं, कुणी माहितीपट काढतं, कुठल्याशा बंद पडलेल्या आखाड्याच्या वस्तू संग्रहात येतात आणि त्यांच्यासोबत हमखास एक तक्ता येतो. वर संस्थापक, खाली शिष्य, त्याखाली शिष्यांचे शिष्य. त्या तक्त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे एक दावा असतो की हा त्याच्याकडे शिकला. मी ती रेघ धरून वर वर जाते आणि कुठे तुटतेय ते बघते. बहुतेक वेळा कुठेतरी तुटतेच.

त्या दिवशीची रेघ लाल शाईची होती, चांगली ठसठशीत. शाम शुई पो भागातला एका हाडवैद्याचा दवाखाना. दिवसा हाडं बसवायची, रात्री टेबलं बाजूला सारून तिथेच विंग चुन, म्हणजे कुंग फूची एक शैली, शिकवायची. इमारत पाडायला निघाली होती म्हणून आवराआवर चाललेली. हाडवैद्य जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना सगळे नुसतं ‘सिफू’, म्हणजे गुरुजी, म्हणत, मीही तेच म्हणते. घरी त्यांची सत्तरी गाठलेली मुलगी होती. इथे या वयाच्या बायकांना सर्रास ‘आँटी’ म्हणतात, तशा त्या माझ्या आँटी. आणि टोरांटोहून आलेला त्यांचा मुलगा, म्हणजे सिफूंचा नातू. वस्तू प्रदर्शनाला द्यायला तो तयार होता. अट एकच, फलकावर ‘इप मान यांचे थेट शिष्य, १९५९’ असं छापून आलं पाहिजे.

इप मान म्हणजे ब्रूस लीचे गुरू, एवढी ओळख आपल्याकडे पुरते. १८९३ साली दक्षिण चीनमधल्या फोशान शहरात खात्यापित्या घरात जन्मलेला हा माणूस. चान वा-शुन यांच्याकडे शिकला. हे चान मूळचे सराफी करणारे, नाणी मोडून देणारे. चान शिकले लेउंग जान यांच्याकडे, ते फोशानमधले नावाजलेले वैद्य. १९४९ मध्ये चीनमध्ये सत्तापालट झाला तेव्हा इप मान सगळं मागे टाकून हाँगकाँगला आले आणि १९५० पासून ताय नान स्ट्रीटवर उपाहारगृह कामगारांच्या संघटनेच्या जागेत शिकवू लागले. त्या रस्त्यावर आता चामड्याची दुकानं आणि महागडी कॉफी आहे. डिसेंबर १९७२ मध्ये इप मान गेले आणि पुढच्या जुलैत ब्रूस लीही गेला. त्यानंतर जगभर जी लाट आली, तिच्यात हाँगकाँगमधल्या ज्याला म्हणून विंग चुनचा एखादा हात येत होता तो इप मानचा शिष्य होऊन बसला. मला ज्या तक्त्यांवर काम करावं लागतं त्यातले निम्मेअधिक त्याच लाटेतले असावेत, असा माझा अंदाज.

लेउंग जानच्या वर तक्त्यात काय असतं ते सांगून टाकते, कारण लोकांना त्यातच जास्त रस असतो. वर असतात लाल होड्यांतून गावोगाव फिरणारे कँटनी नाटकमंडळीतले नट, त्यांच्या वर यिम विंग-चुन नावाची तरुणी आणि सगळ्यात वर शाओलिन मठाच्या जळीतातून वाचलेली ङ मुई नावाची भिक्षुणी. नाटकवाल्यांच्या बाबतीत थोडीफार जमीन पायाखाली लागते. १८५४ मध्ये त्यांनी बंडात भाग घेतला आणि फोशानमधलं त्यांचं संघगृह सरकारने उद्ध्वस्त केलं, हा इतिहास आहे. भिक्षुणी मात्र दंतकथेतली. शाओलिन आणि वुदांग पर्वताच्या असल्या कथांचं पितळ तांग हाओ नावाच्या अभ्यासकाने १९३० मध्येच उघडं पाडलं होतं. त्याने आखाडेवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, तक्ते मात्र बदलले नाहीत. मी भिक्षुणीच्या वाटेला जात नाही. माझी हद्द लेउंग जानच्या खाली.

तर १९५९. नातवाचा पुरावा म्हणजे भिंतीवरचा लांबलचक कृष्णधवल फोटो. एका मोठ्या मेजवानीचा. मधोमध लांब झगा घातलेले इप मान खुर्चीवर, आजूबाजूला ज्येष्ठ मंडळी खुर्च्यांवर, मागे उभ्या रांगा. तिसऱ्या रांगेत डाव्या टोकाला सुटाबुटातले सिफू. वर पांढऱ्या अक्षरांत मजकूर आणि शेवटी ‘५९ साल’.

‘‘बघा, १९५९. ब्रूस ली तेव्हा इथेच होता,’’ नातू म्हणाला.

मजकुरात संस्थेचं नाव होतं: विंग चुन क्रीडा संघ. हा संघ १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झाला. १९५९ मध्ये तो कुठून येणार? मग ५९ कसलं? चीनच्या प्रजासत्ताकाचं. १९१२ हे त्या कालगणनेचं पहिलं वर्ष. तैवान आजही ती वापरतं आणि हाँगकाँगमधल्या राष्ट्रवादी वळणाच्या संस्था त्या काळी फोटोवर हेच साल घालत. ५९ मध्ये १९११ मिळवा, १९७० येतं. नातवाने मोबाइलवर बेरीज करून पाहिली. आँटी काही बोलल्या नाहीत, पण त्यांना ते साल आधीच ठाऊक असावं असं मला वाटलं.

मी भिंग काढलं. फोटो काचेतून बाहेर काढल्यावर सिफूंच्या कोटाच्या खिशावर एक काळपट पट्टी दिसू लागली. मूळची लाल असणार. अशा समारंभांत छातीला कापडी फीत लावतात, तिच्यावर कोण कोण ते लिहिलेलं असतं. इप मानजवळच्या खुर्च्यांवरच्या मंडळींच्या फितींवर पदाधिकारी वगैरे अक्षरं होती. सिफूंच्या फितीवर दोन अक्षरं, अर्थ ‘सन्माननीय पाहुणे’. म्हणजे यजमान घराण्यातले नव्हेत, शेजारच्या आखाड्यातून जेवायला बोलावलेले. फोटोवरून एवढंच सिद्ध होत होतं की १९७० मध्ये त्यांनी इप मानसोबत एका पंगतीत जेवण केलं.

नातू जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘मग १९७० लिहा.’’

त्याची चूक मी मानत नाही. ‘थेट शिष्य’ हा प्रकारच भलता लवचीक. गुडघे टेकून चहा द्यायचा, लाल पाकीट ठेवायचं, लाल कागदावर आपलं नाव लिहून द्यायचं, असा रीतसर गंडा बांधलेले वेगळे आणि महिन्याची फी भरून येणारे वेगळे. शिवाय नव्या मुलाला गुरू स्वतः फारसा हात लावत नाही; ज्येष्ठ गुरुबंधू शिकवतो, गुरू येता-जाता मनगट सरळ करतो. खुद्द ब्रूस लीची बरीचशी घडण वाँग शुन-लेउंग या ज्येष्ठाच्या हाताखाली झाली, तक्त्यात मात्र त्याची रेघ सरळ इप मानकडे जाते. तेव्हा सिफू चार महिने फी भरून गेले असते तरी मी ‘शिष्य’ लिहायला हरकत घेतली नसती. पण गेले होते का?

कागद संपले की मी माणसांकडे जाते. सिफूंचा हयात असलेला सगळ्यात जुना शिष्य म्हणजे एक निवृत्त मिनीबस ड्रायव्हर, ऐंशीच्या घरातला. संध्याकाळी तो शाम शुई पो पार्कमध्ये असतो. आम्ही तिघे गेलो. आँटी बाकावर बसून संत्रं सोलायला लागल्या.

अशा वेळी ‘तुमच्या गुरूचे गुरू कोण’ असं मी कधीच विचारत नाही. तक्त्यावरचंच नाव ऐकायला मिळतं. मी विचारलं, ‘‘काका, पहिल्या दिवशी सिफूंनी काय शिकवलं? तेवढंच करून दाखवाल का?’’

इप मानच्या परंपरेत याचं उत्तर ठरलेलं असतं. गुडघे आत घेऊन उभं राहायचं, मुठी छातीशी, आणि ‘सिउ निम ताउ’ हा पहिला संच सुरू. पाय जागेवरून हलत नाहीत. नवा मुलगा महिनोन्‌महिने तेच करतो.

काकांनी पिशवी खाली ठेवली आणि पाय हलवले. मध्यरेषेवरून एक सरळ ठोसा, पाऊल पुढे, दुसऱ्या हाताने तोच ठोसा, पुन्हा पाऊल. दहाबारा पावलं जाऊन वळले आणि परत आले. मग अंग तिरकं करून मारायचा ठोसा, तसाच पुढे-मागे. मग मनगट गुंडाळून अडवण्याचा एक हात. प्रत्येक हात सुटा, कशालाच जोडलेला नाही. मी मनात मोजत होते. बारा झाले आणि ते थांबले. ‘‘हे बारा बसल्याशिवाय सिफू सिउ निम ताउला हात लावू देत नसत. मला अख्खा उन्हाळा गेला.’’

एखाद्या गवयाने ‘मी अमक्यांचा शागीर्द’ म्हणून कितीही सांगावं, तोंड उघडून समेवर कसा येतो यावरून जाणकाराला घराणं कळतं. तसं झालं. हे बारा सुटे हात इप मानच्या शिकवणीत या रूपात नाहीत. ते येतात फोशानच्याच दुसऱ्या एका धाग्यातून. चेउंग बो नावाचा एक धिप्पाड माणूस फोशानच्या एका उपाहारगृहात काम करायचा, तो बारा सुटे हात शिकवून सुरुवात करायचा. त्याच्याकडे तिथलाच एक पोरगा शिकला, सम नंग. चेउंग बोनेच पुढे त्याला युन केई-सान यांच्याकडे पाठवलं. हे इप मानच्याच पिढीतले, फोशानमधले तितकेच मातब्बर, पण हाँगकाँगला स्थायिक न झाल्यामुळे बाहेर फारसे माहीत नसलेले. १९५६ मध्ये ते वारले. सम नंग फोशानजवळच्या ग्वांगझोउ शहरात हाडवैद्यकी करत राहिला, तिथेच त्याने शिष्य तयार केले आणि बारा हात त्याच्या शिकवणीत कायम राहिले.

मी हे नातवाला समजावत होते तोच बाकावरून आँटी म्हणाल्या, ‘‘हे तर बाबा ग्वांगझोउला करायचे. गच्चीवर. मी लहान होते.’’

नातू आईकडे बघतच राहिला. कुटुंब मूळचं हाँगकाँगचं अशीच त्याची समजूत. आँटींनी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि सगळं सांगितलं, जणू बाजाराचा हिशेब सांगावा तसं. १९६२ मध्ये त्यांचं कुटुंब हाँगकाँगला आलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात क्वांगतुंगमधून, म्हणजे ग्वांगझोउ-फोशानच्या प्रांतातून, माणसांचे लोंढेच्या लोंढे हाँगकाँगच्या हद्दीवर आले होते आणि हजारोंना पोलिसांनी ट्रकमध्ये भरून परत पाठवलं होतं. हे तिघांचं कुटुंब राहू शकलं. आँटींचे एक काका तिकडेच मागे राहिले. वडिलांनी घरात ताकीद दिली होती की तिकडच्या कुणाचंही नाव बाहेर घ्यायचं नाही, नातेवाइकाचंही नाही आणि गुरूचंही नाही. चार वर्षांत सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि ताकीद बरोबर होती हे सगळ्यांना कळलं. पुढे धोका गेला तरी न बोलायची सवय राहिली.

‘‘आणि तक्ता?’’ मी विचारलं.

काका हसले. तक्ता त्यांच्याच एका गुरुबंधूने रंगवून घेतला होता, ब्रूस ली गेल्यानंतरच्या गर्दीत. पोरं दारात येऊन पहिला प्रश्न विचारायची, हे इप मानचं विंग चुन का? सिफू ‘हो’ म्हणाले नाहीत आणि ‘नाही’ही म्हणाले नाहीत. ‘‘तक्ता लावला त्या दिवशी बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, अक्षर छान आलंय.’’

गुरूचं नाव आँटींना ठाऊक नाही. ‘तेही हाडंच बसवायचे’ एवढंच आठवतं, आणि त्या शहरात कुंग फू शिकवणारे हाडवैद्य रग्गड होते. सम नंग असू शकतो, चेउंग बोचा दुसरा एखादा शिष्यही असू शकतो. बारा हातांवरून धागा कळतो, माणूस कळत नाही. आँटींकडून ग्वांगझोउचा जुना पत्ता घेऊन मी तिकडच्या ओळखीच्या एका अभ्यासकाला पाठवला आहे.

फलकाचा मजकूर आम्ही पार्काबाहेरच्या नूडल्सच्या दुकानात बसून ठरवला. नातवाला इप मानचं नाव हवंच होतं आणि ते खोटं न बोलताही घालता येत होतं: १९७० च्या मेजवानीला निमंत्रित पाहुणे, सोबत फोटो. तक्ता आहे तसाच लावायचा, कारण १९७०च्या दशकात शाम शुई पोच्या एका आखाड्याला काय दाखवावंसं वाटलं याचा तो अस्सल पुरावा आहे. शेजारी आमचा नवा छोटा तक्ता, त्यात सिफूंपासून वर फोशानकडे जाणारी रेघ तुटक आणि मधलं एक नाव कोरं. नातवाने कोऱ्या जागेवरून बरीच हुज्जत घातली. तिथे निदान ‘बहुधा सम नंग’ लिहा, म्हणाला. मी नाही म्हटलं.

आँटींनी मजकूर चष्मा लावून वाचला आणि एकच दुरुस्ती सांगितली. पहिला शब्द ‘हाडवैद्य’ हवा, विंग चुन नंतर. विंग चुनच्या फीवर घराचं भाडंसुद्धा कधी निघालं नव्हतं, म्हणाल्या. फलक तसाच छापला आहे.