खंडोबाच्या किड्यांसाठी गुळाचा सांजा

गेल्या सप्टेंबरात आमच्या ऐरोलीच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्याला वाळलेल्या फेसासारखा एक गोळा चिकटलेला दिसला. आई म्हणाली, "खरवडून टाक, कसलीतरी कीड असेल." मी चालढकल केली. एका सकाळी बघतो तर त्या गोळ्यातून धाग्याला लोंबकळत पिल्लंच पिल्लं बाहेर येत होती. खंडोबाचे किडे, म्हणजे प्रार्थना कीटक (प्रेइंग मँटिस)! मोजायला बसलो आणि शंभरानंतर नाद सोडला. बहुतेक सगळी कुंड्यांवरच राहू दिली. सहा तेवढी उचलून सहा वेगवेगळ्या ग्लासांत ठेवली, कारण एकत्र ठेवली की ही भावंडं एकमेकांना खातात.

(हे वाचून कुणी ठाण्याच्या येऊरला शोधायला जाऊ नका. ते जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून पानही उचलायचं नसतं. कुंड्या नीट बघा, फवारणी होत नसेल तर सापडतात.)

किडा पाळणं म्हणजे खरं तर त्याचं जेवण पाळणं, हे दोन दिवसांत कळलं. पिल्लू जेमतेम सात-आठ मिलिमीटरचं. त्याला हलतं, जिवंत आणि स्वतःपेक्षा लहान भक्ष्य हवं. मी बरणीत पिकलेलं केळं ठेवून चिलटं जमवली. जमली भरपूर, पण ग्लासात सोडायला झाकण उघडलं की चार आत आणि चाळीस स्वयंपाकघरात. आईने तिसऱ्या दिवशी केळं बरणीसकट खाली नेऊन टाकलं.

मार्ग भाचीने काढला. ती ठाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. प्रॅक्टिकलला त्यांच्याकडे हीच चिलटं असतात, ड्रोसोफिला, आणि त्यात एक आखूड पंखांचा वाण असतो. त्याला उडताच येत नाही. सरांना विचारून तिने एक बाटली आणली. "मामा, आता यांना खायला तू घालायचंस," म्हणाली आणि कृती लिहून दिली: एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगर. अगर म्हणजे वाण्याकडे मिळतो तो चायना ग्रास. बुरशी येऊ नये म्हणून प्रयोगशाळेत प्रोपिऑनिक आम्ल घालतात, मी चमचाभर व्हिनेगर घातलं. वर चिमूटभर यीस्ट. आईने पातेल्यात डोकावून पाहिलं. "हा तर गुळाचा सांजा! वेलची राहिली."

सांजा बाटलीत दोन बोटं ओतायचा, पूर्ण निवला की त्यात तीस-चाळीस चिलटं सोडायची आणि तोंडाला कापसाचा घट्ट बोळा. २५ अंशांना दहा-बारा दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. म्हणून दर आठवड्याला एक नवी बाटली लावायची. एकाच बाटलीवर विसंबलात तर तिला बुरशी येते त्याच आठवड्यात पिल्लं उपाशी राहतात.

ऑक्टोबरात माझ्या तिसऱ्या बाटलीतून जी चिलटं निघाली ती सगळी भुर्रकन उडाली. एकूण एक! मला वाटलं उकाड्याने झालं असेल, कारण या वाणाला जास्त उष्णतेत वाढवलं तर पंख खरंच लांब होतात. भाचीने मात्र बोट बोळ्याकडे दाखवलं. तो सैल होता. स्वयंपाकघरातली जंगली चिलटं आत शिरली होती. आखूड पंखांचा गुण अप्रभावी, म्हणजे जोडीला लांब पंखांचा गुण आला की दबून जाणारा, त्यामुळे संकर झाला की पहिल्या पिढीत सगळी पंखवालीच. दहावीला मेंडेलचे वाटाणे पाठ केले होते मी, पण ते असे नाकाशी येऊन घोंघावतील असं वाटलं नव्हतं. पुन्हा कॉलेजातून बाटली आणली. आता बाटल्या माठाशेजारी असतात, घरातली सर्वांत गार जागा तीच. तीस अंशांच्या आसपास नर चिलटं वांझ होतात, आणि आमच्या सिडकोच्या वरच्या मजल्यावर ऑक्टोबरात तीस अंश म्हणजे पहाट.

तीनेकदा कात टाकल्यावर पिल्लांना चिलटं पुरेनात. इथे कंपोस्टचा डबा कामी आला. ओल्या कचऱ्यात करड्या, चपट्या, जाड अळ्या होतात ना, त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. कोषात जायची वेळ आली की त्या आपणहून डब्याबाहेर चढतात. त्या उचलायच्या आणि कोरड्या लाकडाच्या भुशात ठेवायच्या. दोनेक आठवड्यांत काळी माशी निघते. ती चावत नाही, आणि घरमाशीसारखी घाणीवरून अन्नावर बसत फिरत नाही. आमच्या डब्यात भाजीची देठं आणि चहाचा चोथा जातो हे मला माहीत आहे, म्हणून ती बिनधास्त देता येते.

बाहेरच्या किड्याचं हेच माहीत नसतं. डिसेंबरात पॅसेजमधल्या ट्यूबलाइटखाली एक गुबगुबीत पतंग बसलेला दिसला. उचलला आणि सर्वांत मोठ्या मादीला दिला. तासाभरात ती थरथरायला लागली, पाय आखडले, रात्री जाळीवरून खाली पडली. सकाळी लिफ्टमध्ये नोटीस वाचली: आदल्या दिवशी सगळ्या मजल्यांवर फवारणी झाली होती. नोटीस दोन दिवस तिथेच होती, मीच वाचली नव्हती. पुढे आईने मोठ्या प्रेमाने झुरळ पकडून आणलं, तर मी हात जोडले. आमच्याकडे सिंकखाली झुरळं मारायचं जेल लावलेलं असतं. तसंच रुईच्या झाडावरचं काही देऊ नये. रुईचा विषारी चीक खाऊन वाढलेल्या अळीचं फुलपाखरू स्वतःही विषारी असतं.

रातकिडे मी पेट शॉपमधून आणले, आणून चार दिवस गाजर, भोपळा खायला घालून मगच दिले. एकदा रात्री एक ग्लासात विसरलो. किडा नेमका कात टाकायला उलटा लटकला होता. अंग मऊ, हलता येत नाही, आणि रातकिड्याने त्याचा मागचा पाय कुरतडला. पुढच्या दोन काती टाकल्यावर पाय थोडा आखूड का होईना, परत आला. आता किडा खायचा थांबला, म्हणजे कात जवळ आली, की मी ग्लासातलं सगळं जिवंत बाहेर काढतो.

सहापैकी तीन मोठे झाले. आज एक मादी उरली आहे, हिरवीगार, पडद्यावर बसून पंख्याकडे बघत असते. तिला चिलटं लागत नाहीत, तरी मी सांजा शिजवतोच. मे महिन्यात कॉलेजातल्या बाटल्या उकाड्याने गेल्या, तेव्हा भाचीचा फोन आला, "मामा, माठाजवळची एक बाटली देशील?" आईने ती स्वतः पिशवीत भरून दिली, कापसाचा बोळा दोनदा दाबून.