स्क्रिप्ट थांबली, पण तिची पोरं थांबेनात

मामांचा तालुक्याच्या गावी व्हिडिओ शूटिंगचा व्यवसाय होता. लग्नं, जत्रा, भजनाच्या स्पर्धा. १९९९ ते २००८ या काळातल्या ८६ मिनीडीव्ही टेप त्यांनी कपाटात जपून ठेवल्या होत्या. त्या मी एकेक करून मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, उतरवल्या. तासाभराच्या टेपला साधारण १३ जीबी, म्हणजे सगळं मिळून १.१ टीबी. नातेवाइकांना द्यायचं तर एमपी४ करणं भाग होतं. म्हणून बॅशमध्ये (लिनक्सवर कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये) स्क्रिप्ट लिहिली: रात्री ११ ला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या सोयीतून) सुरू व्हायचं, एकावेळी चार एफएफएमपेग (व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्रॅम) चालवायचे, एक संपला की पुढची फाइल घ्यायची.

आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएस आहे, पण मशीन भर लोडवर असेल तर सहा-सात मिनिटं टिकतो, रिकामं असेल तर वीस. त्यामुळे असं ठरवलं होतं की वीज गेल्याबरोबर स्क्रिप्टला टर्म सिग्नल, म्हणजे ‘आवरून थांब’ सांगणारा १५ नंबरचा, जाईल. लोड उतरेल. दहा मिनिटांत वीज आली नाही तर मशीन रीतसर बंद होईल.

आणि एका रात्री वीज गेली. सकाळी पाहतो तर यूपीएस पूर्ण उतरलेला, मशीन धाडकन बंद पडलेलं. चार एमपी४ अर्धवट. त्यातली एक जवळजवळ २ जीबीची, तरी उघडेना. ‘मूव्ह ॲटम नॉट फाउंड’. एमपी४ची अनुक्रमणिका एरवी सगळ्यात शेवटी लिहिली जाते. फाइल नीट बंद करायला एफएफएमपेगला सवडच मिळाली नाही, तर आतला सगळा डेटा असून नसल्यासारखा.

मामांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “अरे, २००३ ची जत्रा त्यातच आहे ना? तुझी आजी चालती-बोलती फक्त त्याच टेपमध्ये आहे.”

“मूळ फाइल शाबूत आहे मामा, तुम्ही काळजी करू नका,” म्हटलं. ती होतीच. पण त्यानंतर हे मुळापासून समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना.

संध्याकाळी क्रॉनची वेळ पुढे आणून स्क्रिप्ट सुरू होऊ दिली आणि तिला हातानेच टर्म पाठवला. ती लगेच गेली. मग पुन्हा सुरू करायला गेलो तर म्हणे ‘दुसरी प्रत चालू आहे’. दोन प्रती एकदम चालू नयेत म्हणून मी एफलॉक, म्हणजे एका फाइलवरचं कुलूप, लावला होता. जिच्यामुळे कुलूप होतं ती स्क्रिप्ट तर मेली होती, मग कुलूप कुणाच्या हातात? पीएसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमची (प्रोसेसची) यादी दाखवणाऱ्या कमांडने, पाहिलं. स्क्रिप्टने सुरू केलेली तिची पोरं, म्हणजे चारही एफएफएमपेग, जोरात चालू होते. कुलपाची उघडी फाइल त्यांच्याकडे वारशाने आली होती, त्यामुळे कुलूपही तसंच. प्रत्येकाच्या पालकाच्या रकान्यात १. पालक मेल्यावर पोरक्या प्रोसेस सिस्टिमच्या पहिल्या प्रोसेसकडे दत्तक जातात. (डेस्कटॉपच्या टर्मिनलमधून चालवलं असतं तर तिथे बहुधा सिस्टिमडीच्या, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, युझर प्रोसेसचा नंबर दिसला असता.)

म्हणजे त्या रात्री सिग्नल पोचला होता. पण तो एकट्या पालकाला गेला. चार पोरांनी यूपीएस प्यायला.

हे आधी का लक्षात आलं नाही? कारण मी नेहमी टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबून थांबवत होतो. कंट्रोल-सी टर्मिनलसमोरच्या अख्ख्या प्रोसेस ग्रुपला, म्हणजे एकत्र बांधलेल्या प्रोसेसना, जातं, म्हणून सगळं एकदम थांबायचं. किल कमांडचा सिग्नल मात्र फक्त त्या एका नंबरला जातो.

पहिला उपाय सुचला तो सरळ होता. प्रत्येक पोर सुरू केल्यावर त्याचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, यादीत ठेवायचा, टर्मवर ट्रॅप, म्हणजे सिग्नल आला की चालणारा कोड, लावायचा, आणि ट्रॅपमध्ये यादीतल्या सगळ्यांना टर्म पाठवायचा. केलं. तरी एफएफएमपेग जिवंत! इथे माझे दोन तास गेले. पालक, पोर आणि ग्रुप हे तिन्ही नंबर शेजारी शेजारी छापले तेव्हा उलगडा झाला. स्क्रिप्ट ४१०२. तिचं पोर ४११०, पण तो एफएफएमपेग नव्हताच, तीही बॅशच होती. मी बॅकग्राउंडला एफएफएमपेग नाही, माझं फंक्शन टाकत होतो. फंक्शनसाठी बॅश आपली एक प्रत काढते, आणि एफएफएमपेग, ४१११, त्या प्रतीचं पोर. माझ्या यादीत पोरांचे नंबर होते, काम नातवंडं करत होती.

मग प्रोसेस ग्रुपकडे वळलो. स्क्रिप्टमध्ये जॉब कंट्रोल, म्हणजे कामांचे वेगवेगळे ग्रुप सांभाळण्याची सोय, एरवी बंद असतं. ‘सेट’ला ‘एम’ देऊन ते चालू केलं की बॅकग्राउंडच्या प्रत्येक कामाला स्वतःचा ग्रुप मिळतो आणि ग्रुपचा नंबर तोच, जो पोराचा. किलला तो नंबर उणे चिन्ह लावून दिला की सिग्नल पोरालाही जातो आणि नातवालाही. यात दोन गोष्टी बदलतात. कंट्रोल-सी आता पोरांपर्यंत आपोआप पोचत नाही, म्हणून ट्रॅप कंट्रोल-सीच्या इंट सिग्नलवरही लावावा लागतो. आणि टर्मिनलमधून चाचणी घेताना एफएफएमपेग कीबोर्डकडे बघायला जातो नि तिथेच थिजतो, स्थितीच्या रकान्यात ‘टी’, म्हणजे थांबलेला, दिसतो. त्याला ‘नोस्टडिन’, म्हणजे कीबोर्डकडे बघू नको, सांगायचं.

सगळ्यात जास्त वेळ वाट बघण्याच्या भागाने खाल्ला, आणि माझ्या मते खरं काम तेच आहे. पालक ‘वेट’वर, म्हणजे पोरं संपायची वाट बघत, थांबलेला असताना सिग्नल आला की वेट तिथेच सुटतो आणि ट्रॅप चालतो. म्हणून ट्रॅपमध्ये पोरांना टर्म पाठवून झाल्यावर पुन्हा वेट करावं लागतं. तेही केलं, तरी स्क्रिप्ट एफएफएमपेगच्या आधीच संपायची. कारण मधली बॅश टर्म मिळताच मरत होती, वेटला १४३, म्हणजे १२८ अधिक १५, मिळत होता, आणि नातू तेव्हा फाइल बंद करण्यातच गुंतलेला. शेवटी फंक्शनच्या सुरुवातीला टर्मवर एक रिकामा ट्रॅप लावला, आत फक्त कोलन. समोरचं काम संपेपर्यंत बॅश ट्रॅप चालवत नाही. तिचा हा नियम एरवी अडचणीचा वाटतो, इथे तोच कामाला आला: मधली बॅश आता एफएफएमपेग पूर्ण आवरेपर्यंत थांबते. तीस सेकंदांत नाहीच आवरलं तर मग ९ नंबरचा किल. तो आधी अजिबात नाही, कारण ९ अडवताच येत नाही आणि आवराआवरीला वावच राहत नाही.

एक धोका आणखी होता. टर्म मिळाल्यावर एफएफएमपेग फाइल इतकी व्यवस्थित बंद करतो की अर्धी फाइलही छान चालते. माझी स्क्रिप्ट ‘फाइल आहे, म्हणजे झाली’ असं धरत होती. वीस मिनिटांची जत्रा पूर्ण समजली गेली असती आणि मला कळलंही नसतं. आता आउटपुट आधी ‘अर्धवट’ नावाच्या फोल्डरमध्ये जातं आणि एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा, ० (काम नीट झालं) आला तरच तिथून हलतं. सिग्नलने थांबला तर २५५ येतो.

कुलपाचा वारसा मात्र मी तसाच ठेवला. एखादं पोर मागे राहिलंच, तर दुसरी प्रत सुरू न होणंच बरं.

रविवारी दुपारी चारही एफएफएमपेग चालू असताना यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटला. चार सेकंदांत पंख्याचा आवाज खाली आला. पीएसमध्ये एकही एफएफएमपेग नाही, ‘अर्धवट’मध्ये चार फाइली, चारही उघडणाऱ्या. त्या पुसल्या, प्लग परत लावला आणि २००३ ची जत्रा सगळ्यात पहिली ठेवून यादी पुन्हा सुरू केली.