पंधरा पिना, तेरा तारा

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नऊ दिवस उरले असताना म्हार्दोळचे एक तारवटी (खलाशी) बाब सबवूफर रिक्षात घालून फोंड्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. बोटीवर असताना बाहेरून आणलेला फाइव्ह पॉइंट वन सेट, पाच स्पीकर आणि खर्जाचा हा सबवूफर. दोन वर्षांपूर्वी हॉलचं काम काढलं, भिंती फोडून वायरी आत घातल्या, रंग झाला, आणि तेव्हापासून सेट मुका. दिवा लागतो, आवाज नाही. चवथीला सगळं घर जमतं, त्याआधी वाजला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

सोबत हातात मावेल असा कंट्रोलचा डबा होता. सहाही चॅनलचा आवाज आधी या डब्यात येतो आणि तिथून एकाच जाड केबलनं सबवूफरमधल्या अँप्लिफायरला जातो. केबलच्या टोकाचा पंधरा पिनांचा प्लग साच्यात ओतलेला. तो पाऊण इंची पाइपातून जाईना म्हणून इलेक्ट्रिशियननं कापला आणि फेकून दिला. मग मॉनिटरच्या व्हीजीए केबलचा प्लग आणून रंगाला रंग जुळवून जोडला. दिसायला तोच, पाच-पाच पिनांच्या तीन ओळी. पण व्हीजीए केबलमध्ये नऊ नंबरची पिन बऱ्याचदा नसतेच, आणि स्वस्तातल्या केबलीत ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या, तारा आतल्या आत एकत्र बांधलेल्या असतात. प्लग कापल्याचा मला तेवढा राग नाही, फेकल्याचा आहे. तो तुकडा पिशवीत ठेवला असता तर माझं काम तासाभराचं होतं.

कंपनीला विचारलं. मॉडेल बंद, केबल मिळणार नाही, डायग्रॅम देता येत नाही. जे विकणं बंद केलं त्याचं गुपित कोणासाठी राखायचं?

मग दोन्हीकडून सुरुवात केली. डबा उघडला तर केबलमध्ये तारा तेरा. सबवूफरच्या सॉकेटला पिना पंधरा. मोजताना एक सांभाळावं लागतं: सॉकेटची एक नंबरची पिन समोरून ज्या बाजूला दिसते, ती मागून सोल्डरच्या बाजूनं उलट येते. कागदावर दोन्ही चित्रं काढल्याशिवाय मी मीटर हातात घेत नाही.

ग्राउंड सापडायला सोपी. मोठ्या कॅपॅसिटरच्या निगेटिव्हला एक टोक लावलं आणि पिनांवरून दुसरं फिरवलं, चार ठिकाणी बीप झाला. सबवूफर चालू करून बारा व्होल्टची पिन मिळाली, मागे जाऊन स्थिर बारा व्होल्ट देणाऱ्या ७८१२ रेग्युलेटरच्या आउटपुटशी ताडून पाहिली. ७८०५ वरून पाच व्होल्टची मिळाली. सहा पिना कपलिंग कॅपॅसिटरमधून अँप्लिफायरच्या आयसींच्या (चिपांच्या) इनपुटला जात होत्या, म्हणजे सहा चॅनल. एक ट्रान्झिस्टरमधून म्यूटला, म्हणजे आवाज बंद करणाऱ्या भागाला. चार, दोन, सहा आणि एक, तेरा झाल्या. डब्याच्या बाजूनंही तेच निघालं. नवा प्लग सोल्डर केला, चालू केलं. आवाज नाही.

राहिल्या सहा आणि पंधरा नंबरच्या पिना. त्यांना डब्याकडून तारच येत नव्हती. दुसरा अख्खा दिवस त्यात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी, डोकं ताजं असताना, पंधरावर मीटर लावला तर पाच व्होल्ट, दहा किलोओहममधून आलेले. सहा नंबर बोर्डाच्या दुसऱ्या बाजूनं फिरून ग्राउंडलाच जात होती, माझ्या आदल्या मोजणीत ती हलक्या सोल्डरमुळे सुटली होती. मधे एक किलोओहमचा रेझिस्टर धरून दोन्ही जोडल्या, आणि आत रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टक् करून वाजला. मूळ प्लगच्या आतच या दोन पिना एकमेकींना जोडलेल्या होत्या. प्लग बसला आहे हे अँप्लिफायरला त्यावरून कळायचं, तोवर आयसींना सप्लायच नाही. तो टक् ऐकून मी समोरच्या हॉटेलात जाऊन चहा पिऊन आलो.

टेबलावर आणखी एक गोष्ट मोजून ठेवली होती. स्पीकरच्या लाल आणि काळ्या दोन्ही टर्मिनलवर ग्राउंडच्या तुलनेत बारा-बारा व्होल्ट, आपसात शून्य. म्हणजे ब्रिज आउटपुट, स्पीकरची दोन्ही टोकं अँप्लिफायरच चालवतो. इथली काळी तार ग्राउंड नसते, तीही जिवंत असते. पाच चॅनलच्या काळ्या तारा कधीच एकत्र करायच्या नाहीत.

म्हार्दोळला सेट बसवायला गेलो तेव्हा भिंतीतून पाच स्पीकरांच्या दहा तारा बाहेर यायला हव्या होत्या. आल्या सहा. पाच लाल आणि एक काळी. तार वाचवायला इलेक्ट्रिशियननं एकच काळी सगळ्या स्पीकरांत फिरवली होती. बल्बना न्यूट्रल फिरवतात तशी. मी प्लग हातात घेऊन उभा होतो. लावला असता, गाणं सुरू झालं असतं, तर आयसी गेले असते, आणि तसले आयसी आता कुठून आणायचे?

नव्या तारा ओढायला पाइपात स्प्रिंग घातली, पण बेंडला जागाच नव्हती. मागच्या दोन स्पीकरांना नव्या रंगावरून केसिंग-पट्टी मारावी लागली. वहिनींचा चेहरा उतरला. दीड व्होल्टचा सेल लावून प्रत्येक स्पीकरचा कोन (पडदा) बाहेर सरकतो की आत, हे बघून लाल-काळं ठरवलं. संध्याकाळी पाचही वाजले. तारवटी बाबांनी बिल पाहिलं आणि म्हणाले, "एका वायरीचे इतले पयशे?" तीन दिवसांचं काम डोळ्यांना फक्त एका वायरीएवढंच दिसतं, त्याला मी काय सांगू. निम्म्यावर आलो.

ज्या दोन पिनांना मी दोन दिवस शिव्या दिल्या, त्यांनीच दोन वर्षं तो अँप्लिफायर वाचवला, कारण चुकीच्या प्लगनं तो जागाच झाला नाही. तरी कंपनीवरचा राग जात नाही. संरक्षण ठेवायचं आणि पाठीवर चार ओळी छापायच्या, यात काय अडत होतं?

सबवूफरच्या झाकणाला आतून मी कागद चिकटवला आहे. पंधराही पिना, सहा आणि पंधराभोवती लाल गोल, आणि खाली काळ्या तारांबद्दल मोठ्या अक्षरात. हॉलला पुढचा रंग लागेल तेव्हा हातोडी घेऊन येणारा माणूस ते झाकण उघडेल का, हे मनातून जात नाही.