तुम्ही विचारलंत म्हणून: याच फोटोवर साडीचे दुसरे रंग करून मिळतील का?

पैठणला माझा फोटो स्टुडिओ आहे. विणकर मंडळी साड्या घेऊन येतात आणि फोटो काढून झाला, की हमखास विचारतात, "भाऊ, याच फोटोवर कॉम्प्युटरमधी अजून चार रंग करून द्या की. गिऱ्हाइकाला दाखवायला होतील."

करून मिळतात. पण त्याआधी मी विचारतो, मागावर ताणा, म्हणजे उभा धागा, कोणत्या रंगाचा आहे?

फोटोशॉपमध्ये 'रिप्लेस कलर' नावाची सोय आहे. ड्रॉपरनं साडीच्या रंगावर टिचकी मारायची. त्या रंगाच्या आसपासच्या किती छटा धरायच्या, ते 'फझिनेस'ची पट्टी 0 ते 200 मध्ये सरकवून ठरवायचं. मग 'ह्यू'ची, म्हणजे रंग बदलायची, पट्टी फिरवायची. रंगांचं चक्र 360 अंशांचं, म्हणून ही पट्टी उणे 180 पासून अधिक 180 पर्यंत जाते. एकरंगी सुती कापडाला एवढं पुरतं, दोन मिनिटांचं काम.

धूपछाव पैठणीला मात्र ते पुरत नाही. ताणा निळा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, लाल असला, की साडी समोरून जांभळी दिसते. तीच हातावर घेऊन जरा तिरकी धरा. चुणीच्या माथ्यावर लाल चमकून उठतो, खोलात निळा उतरतो. म्हणजे एकाच कापडात दोन रंग जगत असतात. आता ह्यू सरसकट 120 अंश फिरवला, तर निळ्याचा लाल होतो आणि लालाचा हिरवा. पडद्यावर साडी फार देखणी दिसते. पण तिला ताणाच लाल लागतो! मागावर एकदा निळा ताणा भरला, की त्यावर एकापेक्षा जास्त साड्या निघतात. तेवढ्यात बदलता येतो तो फक्त बाणा.

माझ्या हातून ही चूक झालेली आहे. एका मावशींना मी असेच रंग करून दिले. गिऱ्हाइकानं नेमका लाल-हिरवा पसंत केला, आणि मावशींच्या मागावर निळा ताणा निम्माअधिक शिल्लक होता. ऑर्डर गेली. मावशी रागावल्या नाहीत. "तुमच्या कॉम्प्युटरला ताणा नसतो ना भाऊ," एवढंच म्हणाल्या. ते वाक्य माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही.

तेव्हापासून मी मागाच्या हिशेबानंच काम करतो. फोटोवर 'ह्यू-सॅच्युरेशन'चा लेयर, म्हणजे वेगळा थर, घेतो आणि सगळे रंग एकदम बदलणाऱ्या 'मास्टर'ला हात न लावता यादीतून फक्त 'रेड्स', म्हणजे लाल छटा, निवडून त्यांचाच ह्यू फिरवतो. निळा ताणा जसाच्या तसा राहतो, बाणा तेवढा बदलतो. जिथं दोन्ही धागे मिसळून निव्वळ जांभळा दिसतो, तिथं हे पुरेसं लागू होत नाही. त्या जागा मास्क करून, म्हणजे बाकीचा फोटो झाकून, हातानंच भरून काढाव्या लागतात. साडी कुणी नेसलेली असेल, तर माणसाची त्वचाही लाल-केशरी रंगांतच येते, म्हणून चेहरा आणि हात मास्कनं झाकायचे. आणि हनुवटीखाली बघायला विसरू नका. लाल साडीची लाली गळ्यावर पडलेली असते. साडी हिरवी केली आणि ती लाली तशीच राहिली, तर बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

जरीचंही तसंच. बाणा पिवळा असला आणि त्याचा निळा केला, तर सोनेरी जरीचा रंगही त्याच्याबरोबर बदलतो आणि काठ-पदर निळसर पडतो. त्यामुळं काठ-पदर मी आधीच वेगळा करून ठेवतो. पिवळ्याचा निळा करताना उजळपणाही उतरवावा लागतो. पिवळा मुळात उजळ असतो, नुसता ह्यू फिरवला तर साडी धुऊन विटल्यासारखी दिसते. पांढऱ्या साडीवर तर ह्यूचा काहीच परिणाम होत नाही, कारण फिरवायला तिच्यात रंगच नसतो. तिथं नवा रंग चढवणारं 'कलराइज' वापरावं लागतं, तेही उजळपणा कमी करून.

या सगळ्याच्या आधीची गोष्ट म्हणजे उजेड. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा. मागाच्या खोलीतला पिवळा बल्ब साधारण 2700 केल्विनचा आणि दुपारचं ऊन साडेपाच हजारांच्या आसपास. बल्बखाली काढलेल्या फोटोत मोरपंखी रंग शेवाळी होतो. म्हणून साडीशेजारी पांढरा कोरा कागद ठेवून एक फोटो घ्यायचा आणि तो कागद पडद्यावर पांढरा दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या रंगाचा तोल, जुळवायचा. रंग बदलणं त्यानंतर.

आता येणाऱ्यांना मी सांगून ठेवलंय, साडीबरोबर बाण्याच्या रेशमाच्या लडी आणा. जेवढे रंग तुमच्याकडं खरोखर आहेत, तेवढ्या सगळ्या. लडी साडीशेजारी मांडून त्याच उजेडात फोटो काढतो, मग पडद्यावरची साडी त्या लडीशी जुळेपर्यंत पट्टी हलवत राहतो. परवा त्याच मावशी सहा लडी घेऊन आल्या होत्या. डाळिंबी हवा होता, पण त्याची लडी आणलेली नव्हती. तो फोटो मी अजून केलेला नाही.